वाघाच्या गाडीवरचं प्रेमाचं गाणं

रामदासभाऊंचं नाव आधी लिहितो. ते मागं राहिलं तर पुढचं लिहायचा मला हक्क नाही. रामदासभाऊ चामोर्शीजवळच्या एका गावचे. जातीनं ढिवर, घरचा धंदा तळ्यात जाळं टाकायचा. त्यांनी मात्र एक जुनी जीप घेतली, टपावर दोन भोंगे बांधले आणि गावोगाव पुकारा करायचं काम धरलं. या मुलखात मला पहिलं जेवण त्यांनी घातलं, पहिलं काम त्यांनी मिळवून दिलं. आणि ज्या गोष्टीपायी मला अजून लोकांच्या डोळ्याला डोळा देता येत नाही, ती स्वतःच्या अंगावर घेणारेही तेच. आता काय झालं ते सांगतो. लिहिण्यात चुका असतील, त्या संपादकांनी सुधाराव्यात. माझं शिक्षण थोडं आहे.

मी गडहिंग्लजकडचा. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. आठवीत असताना एका लग्नसराईत त्यांच्याबरोबर गेलो. परत शाळेत आलो तर माझ्या जागेवर दुसराच पोरगा बसलेला. मी आलो तसा मागं फिरलो. त्याला कोणी उठवलं नाही आणि मला कोणी हाक मारली नाही. पुढं कीबोर्ड शिकलो आणि एका ऑर्केस्ट्राबरोबर फिरत फिरत इकडं आलो. नागभीडच्या स्टेशनात आमचा मालक तिकिटं काढतो म्हणून गेला, तो गेलाच. बाकीचे वादक नागपूरचे, ते घरी गेले. मी कीबोर्ड मांडीवर घेऊन बसून राहिलो.

बाहेर एक जीप नाटकाची जाहिरात करत उभी होती. ड्रायव्हर पाणी भरायला आत आला आणि माझ्यासमोर थांबला.

"कोन्या गावचा गा?"

"कोल्हापूरकडचा."

"म्हंजे पुन्याकडचा."

"नाही, कोल्हापूर वेगळं..."

"तेच ते. जेवला का?"

तेव्हापासून मी 'पुणेकर' झालो. आता मीही दुरुस्त करत नाही.

रामदासभाऊंच्या घरी भात आणि तळ्यातले मासे. तिसऱ्या दिवशी मी घाबरत घाबरत भाकरी मिळेल का विचारलं, तर त्यांच्या बायकोनं, कमलबाईंनी, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "बिमार आहे का जी हा? भाकर मागून राह्यला." तरी त्यांनी कुठूनतरी ज्वारीचं पीठ आणलं. भाकरी जाड झाली होती, कडेला जळली होती. मी ती खाली बघत खाल्ली, कारण वर बघितलं असतं तर रडलो असतो.

चामोर्शीत एका मोबाइलच्या दुकानामागं एक खोली आहे. भिंतींना घोंगड्या लावलेल्या, पंखा बंद, एक माइक, एक कॉम्प्युटर. त्याला आम्ही स्टुडिओ म्हणतो. रामदासभाऊंच्या शब्दावर दुकानमालकानं मला तिथं बसवलं. काम पुकाऱ्याचं रेकॉर्डिंग करायचं. नाटक, लसीकरण, साड्यांचा सेल, हरवलेली म्हैस, निवडणूक, सगळं. बाहेरच्या माणसाला वाटतं, माइकवर बोललं की झालं. तसं नसतं. भोंग्याचा आवाज चिरका असतो, त्यात बारीक अक्षरं मरतात. म्हणून वाक्य तोकडं लागतं आणि गावाचं नाव दोनदा घ्यावं लागतं. नाटकाला पुरुषाचा भारदस्त आवाज चालतो, पण लसीकरणाला बाईचाच हवा, नाहीतर बाया दार लावून घेतात.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. एक जण आला, म्हणाला, बायको रुसून माहेरी गेली आहे, तिच्या बापाच्या दारासमोर माफी वाजवा, मागं बासरी टाका. मी बासरी टाकली. रामदासभाऊंनी जीप नेऊन पहिली फेरी मारली. दुसऱ्या फेरीला सासूबाई झाडणी घेऊन रस्त्यात आल्या. "माफी मांगायची तं सोता ये म्हना! भोंगा कायले धाडते?" बायको मात्र दारामागं हसत होती, असं भाऊंनी सांगितलं. चार दिवसांनी ती नांदायला आली. ती माझ्या बासरीमुळं आली, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. आपल्या वाजवण्यात काहीतरी ताकद आहे, हे खूळ माझ्या डोक्यात तिथनं शिरलं असावं.

सुनीता आमच्याकडं बाईचा आवाज द्यायला यायची. ती धानोऱ्याकडची. चामोर्शीत मावशीकडं राहून मेडिकलच्या दुकानात कामाला होती. दुपारी दुकान बंद असलं की यायची, कागद एकदा वाचायची, आणि माइकसमोर उभी राहिली की एका दमात बोलून मोकळी. मराठीत बोलायची, गोंडीतही बोलायची. तिच्या आवाजात खोटी गोडी नव्हती. घरातलं कोणीतरी दारातून हाक मारतंय असं वाटायचं. मला ती 'भाऊ' म्हणायची. इथं भाऊ सगळ्यांनाच म्हणतात, हे मी स्वतःला रोज समजावायचो.

तोंडानं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मी एक चाल केली. कीबोर्डमध्ये एक जुन्या विलायती पेटीचा आवाज होता. तारेला नखानं टोचल्यासारखा तुटक. मी तिला टोचणी पेटी म्हणायचो. ती एका हातानं धरली. वर व्हायोलिनं घातली, एकावर एक, पायऱ्या चढल्यासारखी. मग वडिलांची आठवण म्हणून क्लॅरोनेट. मग देवळात बायका आळवतात तसा नुसता आऽऽचा घोळका. आणि या सगळ्याखाली चाल मात्र साधी, सायकलवर गुणगुणता येईल अशी. दुकानमालकाचा भाचा पुण्यात शिकतो. तो सुट्टीत आला होता. ऐकून म्हणाला, "याला बरोक पॉप म्हणतात. जुनी दरबारी वाद्यं आणि वर फिल्मी चाल. तुम्ही कुठं शिकलात?" मी म्हटलं, कुठंच नाही. त्या दिवशी मी दुकानाच्या काचेत दोनदा केस बघितले.

सुनीताला ऐकवलं. तिनं डोक्याला लावायचे हेडफोन शेवटपर्यंत काढले नाहीत. मग काढून टेबलावर नीट ठेवले.

"भाऊ, हे कोनासाठी केलं?"

मी कीबोर्डची वायर गुंडाळायला लागलो.

"चाल चांगली आहे. लय चांगली आहे. पन मी त्या नजरेनं तुमाले नाई पायलं. वाईट नोका मानू." आणि पिशवी उचलत, "उद्या पोलिओचं हाय ना? कागद देऊन ठेवा."

दुसऱ्या दिवशी ती आली, पोलिओचं बोलली आणि गेली. काही घडलंच नाही असं वागली. ते तिनं माझ्यासाठी केलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. मी मात्र त्या चालीला रोज एक नवा दागिना घालत बसलो. आज एक व्हायोलिन, उद्या एक घंटी. तिनं नाही म्हटल्यावर ती चाल आणखी लांबत गेली.

मोहफुलं पडायला लागली तेव्हा जंगलखात्याकडून काम आलं. धानोऱ्याच्या बाजूला काही टोल्यांच्या मागच्या जंगलात बछडी घेऊन वाघीण आली होती. टोली म्हणजे चार घरांची वस्ती. मोह वेचायला माणसं, जास्त करून बाया, फटफटायच्या आत जंगलात जातात. खाली वाकून वेचतात, आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं म्हणतात. साहेब समजूतदार होते. म्हणाले, "आमचा पुकारा लोक ऐकतच नाहीत हो. सरकारी आवाज आला की घरात जातात. ऐकावंसं वाटेल असं काहीतरी करा." शब्द त्यांनी दिले: अमुक भागात वाघीण आहे, चार दिवस मोहाला जाऊ नका, गेलात तर एकटं जाऊ नका, उजाडल्याशिवाय जाऊ नका.

ऐकावंसं वाटेल असं माझ्याकडं एकच होतं.

मी ती चाल घेतली आणि तिच्या शेवटी सुनीताचा आवाज बसवला. माझ्या मनात असं होतं, की राणी यायच्या आधी चोपदार येतात, वाजंत्री येते, मग राणी येते. सुनीतानं ऐकलं. व्हायोलिनं संपली, पेटी आली, घोळका आला.

"मी कुठी आहे यात?"

"येईल, येईल."

"कवा? मोह सरल्यावर?" ती हसली. मीही हसलो. काटछाट करायला सगळा दिवस हाताशी होता. केली नाही.

रामदासभाऊंना तर ते फारच आवडलं. स्टेअरिंगवर ताल धरत म्हणाले, "पुणेकर, आजपावतर मी म्हशीचा पुकारा केला. आज पहिल्यांदा वाटून राह्यलं का आपन काहीतरी घेऊन चाललो."

पहिल्या संध्याकाळी मीही जीपमध्ये बसलो. आपलं काम लोकांत कसं वाजतं ते बघायचं होतं, असं मी सांगितलं. खरं म्हणजे सुनीता सुट्टी घेऊन गावी गेली होती, आणि तिचं गाव आमच्या वाटेवर होतं.

तिच्या गावाच्या अलीकडं एक टोली लागते. नाव लिहीत नाही. रस्ता मधून जातो, आणि गाव आलं म्हणेपर्यंत संपतं. गाणं सुरू झालं. लोक दारात आले. एक म्हातारी हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली. पोरं जीपमागं नाचत धावली. कोणी घरात गेलं नाही. माझी छाती भरून आली. इतक्या माणसांना मी एकदम कधी थांबवलं नव्हतं.

टोली मागं पडली. पेटी अजून वाजत होती. धानाच्या रिकाम्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, लागल्या तेव्हा सुनीताचा आवाज आला, "आयका जी, आयका..." ऐकायला बांधावरची एक म्हैस होती, आणि धावून दमलेली दोन पोरं.

रामदासभाऊंनी गाडी हळू केली. "बोलनं तं इथी आलं गा. मागं फिरवू काय? झाडाखाली उभी करून एक डाव वाजवू."

सूर्य टेकला होता. मला वाटलं, अंधार पडला तर सुनीता आत जाईल, दिसणार नाही.

मी म्हटलं, "भाऊ, उजेड आहे तोवर पुढचं गाव करू. येताना वाजवू."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी गिअर टाकला.

सुनीताच्या गावात मी जीप तिच्या दारासमोर उभी करायला लावली. गाणं पहिल्यापासून शेवटापर्यंत वाजलं. ती भावाच्या पोराला कडेवर घेऊन दारात आली, पूर्ण ऐकलं, हात केला. तिच्या वडिलांनी चहा पाजला. चहाला उशीर झाला, आणि पुढं नाल्यापाशी जीपचं चाक रेतीत रुतलं, ते काढता काढता रात्र झाली. दुसऱ्या वाटेनं आम्ही धानोऱ्याला मुक्कामाला गेलो. येताना त्या टोलीवरून आलोच नाही.

सकाळी रामदासभाऊंना फोन आला. त्या टोलीतली पारबताबाई फटफटायच्या आधी मोहाला गेली होती. एकटीच. बरोबर तिचं कुत्रं. कुत्रं भुंकलं म्हणून तिनं मान वर केली, तर समोर वाघीण. बाई पळाली आणि नाल्याच्या दगडात पडली. कुत्रं परत आलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा तिला खाटेवर घालून रस्त्यावर आणलं होतं. मांडीचं हाड मोडलं होतं. मी कोणाकडं न बघता विचारलं, काल पुकारा ऐकला नाही का? एक म्हातारा म्हणाला, "पुकारा कायचा? काल तं गानं आलं होतं. आमाले वाटलं, परन्याची गाडी होय. कोनाचं लगन आहे म्हून इचारून राह्यलो होतो आमी." एक पोरगा पुढं आला. आदल्या दिवशी बांधापर्यंत धावलेल्यांपैकी तो होता. त्यानं चाल गुणगुणून दाखवली. बरोबर होती. शब्द त्याला येत नव्हते.

पारबताबाईला आमच्याच जीपमध्ये घातलं. मागं तिचं डोकं मी मांडीवर धरलं. रस्ता खडबडीत, प्रत्येक खड्ड्याला ती दात आवळायची. मध्येच डोळे उघडून तिनं माझ्याकडं पाहिलं.

"कालचं गानं तुह्यं होय का बाबू?"

"हो बाई."

"लय गोड होतं." मग डोळे मिटून, "माह्या लगनात असं वाजलं असतं तं..." पुढचा खड्डा आला आणि ते वाक्य तिथंच राहिलं.

शिवी दिली असती तर मी ती घेऊन मोकळा झालो असतो.

दवाखान्यात जंगलखात्याचे साहेब आले. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्या टोलीत पुकारा झाला होता ना?" मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण तोंडातून काही निघायच्या आत रामदासभाऊ पुढं झाले.

"झाला जी. पन मी गाडी तेज हाकलली. गावात उभी नाई केली. चूक माही आहे."

साहेबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून पुकाऱ्याला दुसरी जीप लागली.

बाहेर चिंचेखाली मी भाऊंना म्हटलं, "असं का बोललात? थांबू म्हणणारे तुम्ही, आणि पुढं चला म्हणणारा मी."

"मंग?"

"मंग काय? मी सांगतो आत जाऊन."

"सांगून काय करशीन? मालक तुले काढून टाकन. तुले कोन आहे गा इथी? माहं घर आहे, तळं आहे, जाळं आहे. तू कुठी जाशीन? नागभीडच्या टेसनात बसशीन का पेटी घेऊन?"

आणि मी गेलो नाही. तिथंच उभा राहिलो. चिंचेखाली उभा असताना मला बरं वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटलं होतं. लाज वाटते ती सगळ्यात जास्त त्याची.

सुनीता तिसऱ्या दिवशी आली. पायातल्या चपलाही न काढता माइकसमोर उभी राहिली. "लावा. मी आता नुसतं बोलीन. मागं काही वाजवू नोका." ती बोलली. एकदा मराठीत, एकदा गोंडीत. मी रेकॉर्डिंग थांबवलं. ती गेली नाही.

"भाऊ, ते पहिले जे वाजत होतं, ते माह्यासाठी होतं ना?"

"हो."

"आमच्या दारापाशी गाडी उभी केली तुमी."

"हो."

"त्या टोलीत काऊन नाई केली?"

मी माइकचा स्टँड उगाच खाली-वर केला. तिला उत्तर ठाऊक होतंच. ती आवाज न चढवता म्हणाली, "माह्यासाठी केलं म्हनता, अन् मलेच बोलू नाई देलं. बाईले सांगाचं होतं, जाऊ नोको. तेवढंच काम होतं माहं." मग दारातून वळून म्हणाली, "मी येत जाईन कामाले. पन आता 'मास्तर' म्हनीन तुमाले."

भाऊ हा शब्दही गेला. रोज तो मला टोचायचा, आणि गेल्यावर कळलं की माझ्याकडं तिचं तेवढंच होतं.

साहेबांना मी सांगितलं, पण आठवडा उलटून गेल्यावर. ते म्हणाले, "गाणं तर चांगलं होतं हो. जरा लांबलं एवढंच. आता झालं ते झालं." त्यांनी मला माफ केलं की माझं बोलणं त्यांना कळलंच नाही, ते मला अजून सांगता येत नाही. मालकानं मला ठेवलं. दुसरी जीप लागली ती लागली. माझी नोकरी वाचवायला भाऊंनी काम सोडलं, आणि नोकरी खरं सांगूनही गेली नाही. म्हणजे त्यांचं काम फुकटच गेलं. भोंगे उतरवून ते परत तळ्यावर जाळं टाकायला लागले. कमलबाई एवढंच म्हणाल्या, "बरं झालं जी, घरी तं राहाते आता." त्यांना खरं माहीत आहे. ताटात माशाचा मोठा तुकडा अजून मलाच वाढतात. तो मी शेवटपर्यंत ताटाच्या कडेला ठेवतो.

आता आमच्या पुकाऱ्यात आधी ढोलाची एक थाप असते आणि लगेच शब्द. गाडी झाडाखाली उभी राहते. सुनीताचं मागच्या वर्षी आरमोरीकडं लग्न झालं. जाण्याआधी तिनं सगळी कामं एकदम बोलून ठेवली, वाघाचं, लसीचं, पुराचं. तिचा आवाज अजून गावोगाव फिरतो. ती मूळ चाल मी पुसून टाकली. म्हणजे कॉम्प्युटरमधून पुसली. त्या टोलीतली पोरं अजून गुणगुणतात म्हणे.

पारबताबाई काठी घेऊन चालते. मोहाला जात नाही. तिच्या घरचा तो हंगाम बुडतो, सुना वेचतात तेवढंच येतं. मी चामोर्शीच्या बाजारातून तिला कायबाय पाठवतो. ती निरोप धाडते, गाणंवाल्या बाबूला एकदा ये म्हणावं. मी गेलेलो नाही. त्या टोलीत अजून म्हणतात, की रामदास ढिवरानं गाडी पळवली म्हणून बाईचा पाय गेला. भाऊ त्या बाजूच्या बाजाराला मासे घेऊन गेले, तेव्हा एका बाईनं त्यांना तोंडावर तसं सुनावलं. "होय जी," म्हणाले आणि मासे तोलून दिले. मला हे कमलबाईंनी सांगितलं. भाऊंनी सांगितलं नसतं.

रामदासभाऊ, हा अंक मी स्वतः घेऊन येईन आणि कमलबाईंना वाचून दाखवायला सांगीन. तुम्ही "कायले लिहिलं गा हे" म्हणाल. तुमचं मी काय फेडणार? पण एवढं फेडीन. पुढची मोहफुलं पडायच्या आत मी त्या टोलीत जाईन. भोंगा नेणार नाही, पेटी नेणार नाही. पायी जाईन. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत एकेका दारात उभा राहीन, आणि पारबताबाईच्या दारात सगळ्यात आधी, आणि माझ्या तोंडानं सांगीन, की गाडी थांबवू म्हणत होते ते तुम्ही होता. पुढं चला म्हणालो, तो मी.